जपानी खाऊ आणि माझी चकली

नातीने जपानहून आणलेलं पाकीट फोडलं तेव्हा मी चकल्या तळत होते. तांदळाचे लालसर, तिखट तुकडे होते म्हणे. बाहेरच्या खोलीतून नुसता कुरुम कुरुम आवाज येत होता. झाऱ्यावरची गरम चकली पळवणारा माझा मुलगाही तिकडेच बसला होता. पहिला घाणा ताटात गार झाला.

"आई, खाऊन तर बघ, कसलं भारी आहे!"

"हात तेलाचे आहेत माझे," मी म्हटलं.

सगळे उठल्यावर मी एक तुकडा घेतला आणि चकली पारखते तसा कानाजवळ मोडला. आवाज खणखणीत आला. चवीलाही चांगला होता, तिखट मागून सावकाश येत होतं. वाईट असता तर नावं ठेवून मोकळी झाले असते. चांगल्या गोष्टीचा हेवा फार छळतो. ते भाजणारी बाई मला ओळखतही नाही, आणि माझ्या घरात तिचं कौतुक चाललं होतं.

नात जपानला परत निघाली तेव्हा मी तिच्या बॅगेत चकल्यांचा डबा कोंबला.

"आजी, एवढ्या कोण खाणार?"

"तिकडच्या बायकांना वाट. त्यांच्याही पोटात जरा दुखू दे."