नऊ नंबरचा रॉड

नवऱ्याची मासे पकडायची लाइन वाऱ्यात कोसळायला लागली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून दोष रॉडला दिला.

लिक्सलिपला आमच्या घरापासून लिफी नदी चालत जाण्याइतकी जवळ आहे. तो चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. आयर्लंडला आल्यावर सुरुवातीला शनिवार-रविवारचं काय करायचं हेच आम्हाला कळत नव्हतं. मग त्याच्या टीममधल्या कुणीतरी त्याला फ्लाय फिशिंगला नेलं आणि तो त्यातच अडकला. या प्रकारात गळाला खरं आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, आणि ती इतकी हलकी की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन असतं ते लाइनमध्ये. रॉडने लाइन फेकायची, माशी तिच्यामागून जाते. हे सगळं त्याने मला एकदा जेवताना शेवयांच्या उपम्यावर समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे माशी दाखवून मासा पकडायचा," मी म्हणाले, "आणि पकडला की परत सोडायचा. दिवसभर करून काहीच नाही करायचं."

"अगं, तेच तर," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.

काही वर्षं तो नदीतल्या छोट्या ट्राउटवर खूश होता. मग त्याच्या डोक्यात मोठे मासे शिरले. सरोवरातला पाइक, समुद्रातला बास. ड्रोहेडाच्या पुढे बॉइन नदी समुद्राला मिळते, तिथल्या किनाऱ्यावर तो जायला लागला आणि दर वेळी वैतागून परत यायला लागला. तिथे वारा थांबतच नाही. त्याचा रॉड नदीचा, नाजूक. मोठ्या माशासाठी माशीही मोठी लागते, बोटभर लांब पिसांची, आणि ती वाऱ्यात ओल्या मोज्यासारखी परत त्याच्याच अंगावर यायची. एकदा तर कानामागे हूक लागलं. मी ते पकडीने काढलं आणि त्याला म्हणाले, "एक धड रॉड घे बाबा. स्वतःवरच काय गळ टाकतोस."

त्या हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसायचा. रॉडला नंबर असतात. तो नंबर रॉडच्या वजनाचा नसतो, रॉड किती जड लाइन फेकू शकतो त्याचा असतो. नदीला पाच-सहा पुरतो. वारा आणि मोठा मासा असेल तर आठ, नऊ, दहा. आठ वाऱ्यापुढे कमी पडेल का? दहाने दिवसभरात खांदा जाईल का? महागातले रॉड हातात पिसासारखे वाटतात म्हणे, पण ते आमच्या आवाक्यात नव्हते. मला यातलं निम्मं कळत नव्हतं, तरी मी ऐकायचे. तो बोलताना उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने चोळत असायचा. थंडी आहे, असं मला वाटायचं. लोणच्याच्या बरण्याही तो अलीकडे उघडायला माझ्याकडेच द्यायला लागला होता, आणि मी त्यावरून त्याची चेष्टा करत होते.

मार्चमध्ये आम्ही एका सरोवराकाठच्या दुकानात गेलो. दुकान एका साठीच्या आयरिश बाईंचं होतं. त्यांनी आधी विचारलं, काय पकडायचंय, कुठे, आणि खिसा किती सैल करायची तयारी आहे. मग तीन रॉड काढून काउंटरवर ठेवले.

"महागडा रॉड घेऊन स्वस्त लाइन लावू नका," त्या म्हणाल्या. "मधला रॉड घ्या आणि वाचलेले पैसे लाइनवर घाला. वाऱ्यात लाइनच काम करते. आणि हे खालचं टोक बघा, हे पोटाला टेकवायचं. मोठा मासा ओढतो तेव्हा नुसत्या मनगटावर निभत नाही."

दुकानामागे गवताची मोकळी जागा होती. वारा सरोवरावरून सरळ तोंडावर येत होता. बाई म्हणाल्या, उत्तम, यापेक्षा चांगली परीक्षा नाही. नवऱ्याने आठ नंबरचा रॉड घेतला, मागे नेला, पुढे आणला. लाइन त्याच्यासमोर ढीग होऊन पडली. नऊने तेच. दहा नंबरचा तर त्याच्या मुठीत फिरलाच आणि टोक गवतावर आपटलं.

"ग्रँड," बाई म्हणाल्या, इथे 'ठीक आहे' म्हणायला हाच शब्द. "घाई नाही. परत करा."

त्याने परत केलं. कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत. मला ते बघवेना म्हणून मी गंमत केली, "दे इकडे, मी दाखवते." मी आयुष्यात रॉड हातात धरला नव्हता. त्याने हसून नऊ नंबरचा माझ्या हातात दिला. बाईंनी माझं मनगट नीट धरून दिलं आणि म्हणाल्या, मागे ने, थांब, आता पुढे. मी केलं. लाइन वाऱ्यात घुसली आणि त्याच्या लाइनच्या बरीच पुढे जाऊन गवतावर पडली.

त्याने पडलेल्या लाइनकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बघ. रॉड चांगला आहे."

बाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. मीही बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग बसून गेला होता, तिथे खड्डा होता. हा हात मी रोज बघत होते.

"हात असा कधीपासून आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

"थंडीमुळे," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, रॉड राहू द्या, मी बाजूला ठेवते, आधी डॉक्टरला दाखवून या. तो ऐकेना. नऊ नंबरचा रॉड आणि चांगली लाइन घेऊनच निघाला. पार्किंगमध्ये त्याने गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. परतीच्या रस्त्यावर तो एकदाच बोलला, "तुझा हात एकदम सरळ गेला गं."

ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. सुया टोचून स्नायूंचे आवाज ऐकले, एमआरआय झाला, बऱ्याचदा रक्त काढलं. शेवटी एका शांत खोलीत न्यूरॉलॉजिस्ट आमच्या समोर नव्हे, शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्या शेजारी बसल्या तेव्हाच मला कळलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून जातात. औषध आहे, पण ते फक्त थोडा वेळ वाढवतं. मी औषध कंपनीत काम करते, "थोडा" या शब्दाचा अर्थ मला नीट माहीत होता. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "आधी हात, मग काय?" त्यांनी खरं उत्तर दिलं.

रॉड दोन तुकड्यांत सुटा होऊन जिन्याखालच्या प्रेसमध्ये गेला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो होतो. मी तो मुद्दाम मागे, व्हॅक्यूम क्लीनरच्या आड ढकलला. मेच्या सुमारास एका सकाळी तो म्हणाला, "तो रॉड काढ. तू शिक."

"मला मासे पकडायचे नाहीत."

"मला बघायचंय."

म्हणून मी शिकले. आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे वसाहतीत, घरांच्या मधोमध हिरवळ आहे. तिथे हुकाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून मी लाइन फेकायचे, आणि तो फोल्डिंग खुर्चीत बसून शिकवायचा. "मागे थांब. लाइन सरळ होऊ दे. घाई करतेस." सुरुवातीला तो वैतागायचा, मी चिडायचे, एकदा मी रॉड गवतात टाकून घरात निघून गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तर तो तसाच बसलेला. एकट्याने उठणं आता त्याला जमत नव्हतं. पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि त्याने चेहरा सुद्धा पुसला नव्हता. मी रॉड उचलला. त्यानंतर मी चिडले नाही.

उन्हाळा संपेपर्यंत त्याचं बोलणं जड झालं. "थांब" चा "थ" गेला, मग शब्दच जायला लागले. शेवटी तो खुर्चीच्या हातावर डाव्या हाताचं बोट ठेवायचा. बोट वर गेलं की थांबायचं, खाली आलं की सोडायचं. मी लाइनकडे न बघता त्या बोटाकडे बघून फेकायला शिकले.

सप्टेंबरमध्ये कोल्हापूरहून सासूबाई आल्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं की आजार नसांचा आहे. एअरपोर्टवर त्याला व्हीलचेअरमध्ये बघून त्या क्षणभर थबकल्या, मग त्याच्या गळ्यातला मफलर नीट करून म्हणाल्या, "लई वारं हाय हितं." घरी आल्यावर रात्रीचं जेवण त्यांनीच भरवलं, एकेक घास थांबून, तो गिळेपर्यंत स्वतःही आवंढा गिळत.

ऑक्टोबरमध्ये त्याला समुद्रावर जायचं होतं. टॅब्लेटवर एकेक अक्षर निवडून त्याने लिहिलं, "बास. आता शेवटचे." मी ते माशांबद्दल आहे असंच धरलं. थंडी पडली की बास किनाऱ्यावरून निघून जातात.

आम्ही ड्रोहेडाच्या पुढच्या त्या किनाऱ्यावर गेलो. गाडी वाळूच्या कडेला, तोंड समुद्राकडे करून लावली. तो पुढच्या सीटवर, अंगावर गोधडी, काच थोडी खाली. सासूबाई लुगड्यावर त्याचं मोठं जॅकेट घालून त्याच्या दाराशी उभ्या. मी गुडघाभर पाण्यात. वारा अंगावर येत होता, पण रॉडने ऐकलं. लाइन जात होती. सुरुवातीला मी दर वेळी मागे वळून त्याच्याकडे बघत होते. नंतर लाटांचा अंदाज घेण्यात बघायचं राहिलं.

मासा लागला तेव्हा मला वाटलं लाइन दगडात अडकली. मग दगड चालायला लागला. रॉडचं खालचं टोक मी पोटाला टेकवलं, रॉड वाकला, रीलमधून लाइन कर्रकर्र बाहेर जायला लागली. मी ओरडले, काय ओरडले आठवत नाही. मासा दोनदा जवळ आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा उथळ पाण्यात त्याची चंदेरी कूस उलटी झालेली मी बघितली, माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत तरी असेल. मी वाकले, आणि लाइन एकदम सैल पडली.

मी वळले. सासूबाई पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभ्या होत्या, सपाता ओल्या. मी गाडीकडे बघितलं.

"झोपलाय," त्या म्हणाल्या. "मगाशीच डोळा लागला त्याचा. त्यानं न्हाई बघितलं."

मी तिथेच पाण्यात उभी राहिले. पुढे यावं, मागे जावं, काही सुचेना. एवढ्यासाठीच तर मी सगळा उन्हाळा ते बोट वर जायची आणि खाली यायची वाट बघत बसले होते. सासूबाईंनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं.

तो जागा झाला तेव्हा मी रॉड धरून गाडीच्या दाराशी उभी होते. सासूबाईच बोलल्या. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. "अरं, केवढा मासा! पांढराशिप्पट. हिनं काठी अशी पोटाला लावली, अन् काठी पार वाकली की. मी म्हटलं, आता ही जातीय पाण्यात. पण हिनं दम धरला. पोरीनं सोडला न्हाई हां, त्योच सुटला. मी बघितलं डोळ्यानं."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"वाकला?" त्याने विचारलं.

"पार हँडलपर्यंत," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. त्याला ते पुसता येत नव्हतं. आईने पदराने पुसलं.

त्या दिवशी निघायच्या घाईत रॉडचे तुकडे सुटेनात. वाळू आणि खारं पाणी जोडात शिरलं होतं. तसाच आख्खा, नऊ फुटी रॉड गाडीत तिरका घालून आणला आणि घरी जिन्याच्या कठड्याला असा टेकवून ठेवला की टोक बाहेरच्या दारावर आडवं आलं. मग कुणाला त्याच्याकडे बघायला वेळ झाला नाही. आधी छातीत कफ, मग हॉस्पिटल, मग डिसेंबर. तो गेला तेव्हा मी एका बाजूला होते आणि सासूबाई दुसऱ्या. खोलीतलं ठोके दाखवणारं मशीन नर्सने आधीच बंद केलं होतं, त्यामुळे नक्की कधी गेला ते आम्हाला कळलं नाही.

शेजारचे लोक सँडविच आणि चहाच्या किटल्या घेऊन आले. प्रत्येक जण दारातून आत येताना त्या रॉडखालून वाकून येत होता.

परत जायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ह्यो सोडवून ठेवू या. मी गेल्यावर तुला एकटीला न्हाई व्हायचं." मी नेटवर बघितलं होतं. अडकलेला जोड दोघांनी मिळून सोडवायचा असतो, दोघांनी दोन्ही बाजूंना एकेक हात धरायचा आणि पीळ न देता सरळ ओढायचं. आम्ही हॉलमध्ये समोरासमोर उभ्या राहिलो. तीनदा ओढलं. चौथ्यांदा फट् आवाज झाला, आणि आम्ही दोघी हातात एकेक तुकडा घेऊन मागे गेलो. सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. मुलगा गेल्यापासून माझ्यासमोर त्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या, तो तुकडा मांडीवर आडवा धरून. मी त्यांच्या शेजारी बसले. मग मी उठून कुकर लावला, कारण त्यांचं विमान सकाळचं होतं आणि त्यांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.