घाबरलं कोण होतं

आमच्या घरात गेली पस्तीस वर्षं एक गोष्ट चघळली जाते. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या नव्या मनोरंजन उद्यानात गेलो आणि मोठा पाळणा बघून ती रडायला लागली, ही ती गोष्ट. गोष्ट मीच पसरवली आणि ती खोटी आहे. बायको आता नाही. साक्षीदार कमी झाले की माणसाला खरं बोलायचा धीर येतो.

तेव्हा आम्ही भांडुपला चाळीत राहायचो आणि मी विक्रोळीच्या कारखान्यात होतो. दर वाढदिवसाला, औक्षण झालं की, मी मुलीला दाराच्या चौकटीला टेकवून उभी करायचो आणि डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारायचो. त्या सकाळी ती चार फुटांच्या वर दोन बोटं गेली. तिने अख्ख्या चाळीत ओरडून सांगितलं. मी मात्र खचलो, कारण उद्यानात चार फुटांच्या आत अर्धं तिकीट होतं.

"आज जरा कमी वाढली असती तर?" मी म्हणालो.

"पोरगी वाढली तर काय पाय कापणार तिचे?" बायको म्हणाली.

पाय कापले नाहीत, वाकवले. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नव्हते, म्हणून केकच्या जागी केलेलं काकडीचं धोंडस आम्ही लाँचच्या धक्क्यावर उभ्याउभ्याच संपवलं आणि तिथेच मी मुलीला शिकवलं, "फ्रॉकच्या आत गुडघे वाकव, मान खाली घाल, आणि हसू नकोस." तिकीटखिडकीशेजारी भिंतीवर लाल रेघ होती. पोरगी तिच्या खाली बरोबर मावली. मनगटावर अर्ध्या तिकिटाचा लाल शिक्का बसला. मी असा आत शिरलो, जसा काही किल्लाच जिंकला.

आत तिला एकच गोष्ट हवी होती. उलटा फिरणारा मोठा पाळणा. शाळेत कुणीतरी त्यात बसून आलं होतं आणि आठवडाभर भाव खात होतं. लाँचमध्ये मळमळल्यामुळे बायको लांब बाकावर पडून होती, म्हणून रांगेत आम्ही दोघंच. अर्धा तास उभे राहिलो आणि दाराशी माणसाने मनगट पाहिलं.

"हाफ तिकीट इकडे चालत नाय, काका."

"पण मी चार फूट दोन बोटं आहे!" मुलगी टाचा उंचावून म्हणाली.

तो हसला. "दिसतंय की! खिडकीवर जाऊन फरक भरा, निळा शिक्का मारून देतील. सोबत तुम्ही बसायचं, बारकं पोर एकटं सोडत नाय."

इथवर ऐकून तुम्ही मला गरीब बिचारा बाप समजाल. तशी मुभा मी स्वतःलाही बरीच वर्षं दिली. पण फरक भरण्याइतके पैसे माझ्या खिशात होते. मी वर पाहिलं. माणसं उलटी लटकून बोंबलत होती, एकाची चप्पल गिरक्या घेत खाली येत होती. मालवणात असताना आपण माडावर सरसर चढायचो, असं मी चाळीला नेहमी सांगत असे. तोच मी रांगेतून दोन पावलं मागे सरकलो.

"घाबरलीस ना?" मी मुलीला विचारलं.

"नाही."

"घाबरलीस. चेहरा बघ कसा झालाय."

"मी नाही घाबरले!" म्हणत तिने भोकाड पसरलं. झालं, रडतेय म्हणजे घाबरलीच. बाकाजवळ जाऊन मी बायकोला तसंच सांगितलं, संध्याकाळी चाळीला सांगितलं, पुढे जावयालाही सांगितलं.

मागच्या महिन्यात नातीने जेवताना विचारलं, "आजोबा, आई लहानपणी भित्री होती ना?" आणि का कोण जाणे, मी हातातला घास ताटात ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. माडाचंही. नारळ मी खालून वेचायचो, वर चढायचा तो माझा धाकटा भाऊ.

मुलगी हसेल असं वाटलं होतं. ती भाताची शितं ताटात सरकवत बसली.

"मला काही आठवत नव्हतं, बाबा. तुम्ही सांगायचात, तेच मला आठवायचं. कॉलेजच्या सहलीत सगळ्या पाळण्यात बसून वर गेल्या आणि मी खाली त्यांच्या पर्सा धरून उभी. ऑफिसच्या सहलीतही. मला वाटायचं, आपण भित्र्याच."

सॉरी म्हणालो. या वयात ते फार बारीक ऐकू येतं.

"रविवारी मोठ्या पाळण्याला चला," ती म्हणाली. "मी बसणार. पर्स तुम्ही धरायची."

गेलो. तिची पर्स, नातीची पिशवी, दोघींच्या चपला, सगळं कवटाळून मी कठड्याशी उभा राहिलो. वरून तिची किंकाळी आली. घाबरली होती की काय, खालून कळेना, आणि ते ठरवायचा माझा अधिकार केव्हाच संपलेला. खाली आली तेव्हा केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी. माझ्याकडे न बघताच ती नातीला ओढत पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.