आमच्या वरच्या खोलीतलं भूत

आमचं घर वर्ध्याजवळ सावंगीला आहे आणि त्यात भूत नाही. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा म्हटलंय, की एखाद दिवशी वर्गात हजेरी घेतानाही तोंडातून निघून जाईल. मी समुद्रपूरला शिक्षिका आहे. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरते आणि बाबांकडे येते. आई गेल्यापासून बाबा खाली एकटे राहतात, आणि वरच्या खोल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या असतात. पुण्यातल्या भावाची अट एकच होती. वर कुणी ना कुणी राहत असेल तोवर बाबांनी सावंगीत राहावं, खोल्या रिकाम्या पडल्या की सरळ पुण्याला, त्याच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये यावं. बाबांना पुणं नको होतं. मागे एकदा तिथे राहून आले तेव्हा म्हणाले, तिथं खाली उतरायचं म्हटलं तरी कुणाला तरी विचारावं लागते. त्यामुळे वरच्या खोल्या भरलेल्या ठेवणं हे माझं काम होऊन बसलं.

आणि त्या रिकाम्या कुणी केल्या? आमच्या बाबांनीच.

तेव्हा वर तीन मुली राहायच्या. एक मुंबईची, एक पुण्याची, एक हैदराबादची. संध्याकाळी चहा घेऊन खाली व्हरांड्यात बसायच्या आणि आपापल्या शहरातल्या भुताटकीच्या जागा सांगायच्या. मुंबईत म्हणे एका इमारतीची लिफ्ट बटण न दाबता मधल्याच मजल्यावर थांबते. पुण्यात एका बंद बंगल्यात पैंजण वाजतात. हैदराबादच्या एका पुलावर पांढऱ्या साडीतली बाई गाड्यांना हात दाखवते. मी एकदोनदा ऐकलं आणि मला लिफ्टवाल्या मेकॅनिकलाच फोन लावावासा वाटला. बाबा मात्र तल्लीन होऊन ऐकायचे.

इथवर ठीक होतं. पण मुंबईची एकदा सहज बोलून गेली, की छोट्या गावात असलं काही नसतं, खरी भुतं सगळी मोठ्या शहरात. झालं, बाबांना ते झोंबलं. सगळी नोकरी वर्ध्यात काढलेला माणूस. वर्ध्याला विमानतळ नाही, मोठा मॉल नाही, हे सगळं त्यांनी निमूटपणे सहन केलं होतं, पण भूतसुद्धा नाही म्हणजे अतीच झालं. म्हणाले, "आपल्या वर्ध्याले का भूत नाई? तुमच्याच खोलीत हाये."

आणि तिथल्या तिथे त्यांनी एक भूत तयार केलं. अ‍ॅनाटॉमीत वारंवार नापास झालेला कुणी विद्यार्थी, जो परीक्षा जवळ आली की वरच्या खोलीत फेऱ्या मारत हाडांची नावं पाठ करतो आणि एका हाडाशी येऊन अडतो. मेडिकलच्या मुलींना घाबरवायला याहून नेमकं भूत सापडलं नसतं. घर आम्ही बांधलेलं. त्याच्या भिंतींवर मी स्वतः पाणी मारलंय. त्या खोलीत आजवर मेलं असेल तर एखादं झुरळ. पण बाबांनी रोज संध्याकाळी त्या पोराला थोडं थोडं वाढवलं, त्याला चष्मा दिला, खोकला दिला. पुण्याच्या मुलीने खोलीचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, त्यावर लिहिलं 'वर्ध्यातलं सर्वात हॉन्टेड घर'. मग त्यांच्या आयांचे फोन सुरू झाले आणि परीक्षेच्या आधीच तिघीही सामान घेऊन हॉस्टेलला गेल्या.

मी बाबांवर भयंकर चिडले. "काऊन असं करता बाबा? पुण्याले जायचं हाये का तुमाले?" तर म्हणतात, पोरी ऐकत होत्या म्हणून सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

व्हिडिओ रोहणा गावी राहणाऱ्या आत्यापर्यंत पोचला. ती तडक आली, नारळ, लिंबू, हळदकुंकू घेऊन. भूत बाबांनी घडवलंय हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खोलीवरून उतारा ओवाळला. उतारा न्यायचा असतो तिठ्यावर, दूर. पण आत्याचे गुडघे दुखत होते, म्हणून तिने तो आमच्याच फाटकापाशी ठेवला आणि मागे वळून न बघता घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी खोली बघायला आलेल्या पोरांनी फाटकापाशी ठेवलेलं ते लिंबू पाहिलं आणि ती गाडीवरून न उतरताच परत फिरली. आमच्या माणसांच्या मदतीपुढे भूत परवडलं.

भावाचा फोन दर आठवड्याला. वर कोणी आलं का? मी म्हणायची, येतील. मग त्याने बाबांच्या तिकिटाचं विचारायला सुरुवात केली. शेवटी अकोल्याचे दोन मुलगे आले. त्यांनी व्हिडिओ पाहिलेला होता. मी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि बाबांच्या देखत स्पष्ट सांगितलं, की हे सगळं बाबांनी मनाने रचलेलं आहे, त्यांना गोष्टी फेकायची सवय आहे, यापुढे काही बोलले तर मनावर घ्यायचं नाही. मुलांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "हाव, खोटं होतं ते." मुलांनी खोल्या घेतल्या. मी भावाला फोन करून कळवलं आणि त्या शनिवारी कितीतरी महिन्यांनी निवांत जेवले.

मुलं सरळ आहेत. जातायेता नमस्कार करतात आणि कानात हेडफोन घालून वर जातात. व्हरांड्यातल्या खुर्च्या बाबा अजूनही संध्याकाळी मांडतात. मध्यंतरी माझ्या लक्षात आलं, की मी आले की ते आठवडाभराचं सगळं बोलणं एका दमात बोलून टाकतात, दुधवाल्यापासून मांजरीपर्यंत, आणि मी भाजी निवडता निवडता हं हं करते. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला, की एकटं वाटतं हे आधी तोंडाने सांगता येत नव्हतं का?

गेल्या शनिवारी मीच चहा टाकला आणि मुलांना खाली बोलावलं. बाबांना म्हटलं, सांगा त्यांना वर्ध्याचं काहीतरी. बाबा आधी नको म्हणाले. मग हळूहळू खुलले. पवनारकडे जाताना नदीवर एक मोटारसायकलवाला दिसतो, अशी त्यांनी सुरुवात केली. आवाज हळू झाला, हातवारे सुरू झाले. मलाही ऐकावंसं वाटलं. त्यातला एक मुलगा नम्रपणे हसला आणि म्हणाला, "अंकल, हे पण तुम्हीच बनवलंय ना? मॅडमनी सांगितलं होतं आम्हाला." दुसऱ्याने चहा संपवला, थँक्यू म्हणाला, आणि दोघे वर गेले.

मी म्हटलं, बाबा, मले सांगा, पुढं काय झालं त्या मोटारसायकलवाल्याचं?

बाबांनी खुर्च्या एकात एक घातल्या. "तुह्या भावाले फोन लाव," ते म्हणाले. "सांग, पुण्याले येतो म्हणावं."