गोपनीय वाट

माझ्या सासऱ्यांइतका चौकस माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि पुढेही होऊ नये म्हणून देवाला हात जोडणारे कारकून मी स्वतः पाहिले आहेत. मामांचा गंगापूर रोडच्या मागे गुलाबाचा आणि भाजीचा मळा. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, की पत्रिका मागितली नाही. मी नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत कारकून आहे हे कळताच त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पाहुणं, तुमच्या हापिसात कोणते कागद लोकांना दाखवत नाय, तेवढं सांगा." मी गडबडून "बरेच" म्हणालो. तरी मुलगी दिली, हे त्यांचे उपकार. लग्नातही पंगत का खोळंबली म्हणून ते आचाऱ्याकडे आणि मुहूर्त का टळला म्हणून भटजींकडे खुलासा मागत फिरत होते. डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती कशाची आणि नाही घेतली तर काय होईल, हे ऐकल्याशिवाय खुर्ची सोडत नसत. मागे रांग खोकत बसलेली.

हा स्वभाव जन्माचा असेल, पण त्याला धार लावली ती सरकारने. मळ्यातून बाजाराच्या रस्त्याला लागणारी एक जुनी गाडीवाट होती. नव्वदच्या दशकात शेजारच्या जमिनीवर बंगल्यांची स्कीम आली आणि त्या वाटेवर भिंत उभी राहिली. आमच्या सासूबाई पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायच्या. आता त्यांना ओढ्याकडून मोठा वळसा पडू लागला. मामांनी तक्रार केली. उत्तर आलं की वाट वापरात नाही, तिच्या तोंडाला काट्या लावलेल्या आढळल्या. अहो, त्या काट्या मामांनीच लावलेल्या! मोकाट जनावरं गुलाबात शिरू नयेत म्हणून मळ्यात दिवस मावळला की वाटेच्या तोंडाला बाभळीच्या काट्या ओढतात आणि पहाटे बाजूला सारतात. साहेब पाहणीला आले ते संध्याकाळी. घराचं दार लावलेलं दिसलं म्हणून आत कुणी राहतच नाही, असा हा न्याय!

वाट गावनकाशात आहे, हे आसपासच्या मळ्यांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. मामांनी नकाशाची नक्कल मागितली. ती गोपनीय आहे, असं त्यांना तोंडी सांगण्यात आलं. इथे माझं डोकं अजूनही फिरतं. ज्या चाकोरीतून त्यांच्या वडिलांचे बैल अर्धवट झोपेत घरी येत, ती चाकोरी म्हणे गोपनीय! भिंत बांधणाऱ्याला ती बरोबर सापडली होती. मग गोपनीय कुणापासून? सरकारी माणूस म्हणून सासुरवाडीत जेवताना सगळे माझ्याकडे बघत, आणि मी ताटाकडे.

कचेरीत कुणी बस म्हणत नाही, म्हणून मामा घरून लाकडी पाट नेऊ लागले. रेकॉर्ड रूमच्या दारात पाट मांडायचा, धोतर सावरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नकाशाबद्दल विचारायचं.

"आजोबा, इथं बसायची सोय नाही," शिपाई म्हणाला.

"म्हून तर सोय घरून आणलीया," मामा म्हणाले.

साहेब दौऱ्यावर गेले, साहेब मीटिंगला गेले, साहेब बदलून गेले, पाट काही हलला नाही. दरम्यान बंगल्यांना रंग लागला, कुत्री आली, कुंड्यांत गुलाबही आले. सासूबाई ओढ्याकडून वळसा घालतच होत्या.

पुढे माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. मामांनी अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. मी सरळ नक्कल मागितली होती, तर त्यांनी खाली एक प्रश्न वाढवायला लावला : "हा नकाशा इतकी वर्षं कुणापासून लपवला, त्याचं नाव कळवावं." आधी उत्तर आलं, सापडत नाही. मग अपील केलं, आणि न सापडणारा नकाशा मुकाट्याने सापडला. मळ्यापासून थेट रस्त्यापर्यंत दुहेरी तुटक रेषा, म्हणजे गाडीवाट. नावाच्या प्रश्नाला मात्र उत्तर आलं नाही. निर्लज्जांना नाव कुठलं?

अखेर तो नकाशा पुढे केल्यावर सरकारलाच भिंत पाडावी लागली. मामा धुळीने माखलेले तसेच घरात आले आणि सासूबाईंना म्हणाले, "चल गं, वाट मोकळी झाली."

त्या वळशांनी सासूबाईंचे गुडघे कधीच गेले होते. उंबऱ्यापर्यंत यायचं तरी कुणाचा तरी हात लागे. त्या हसल्या.

"मला कुठं चालवतंय आता? तुमी जाऊन या. आन् कशी हाय वाट, ते सांगा मला."

मामा गेले. बऱ्याच वेळाने परतले आणि त्यांच्या शेजारी भुईवर बसले. आयुष्यभर जगाला प्रश्न विचारणारा हा माणूस आता एकटाच सांगत राहिला. चाकोरी बुजलीया. बोरीचं झाड तसंच हाय. तू पाटी टेकवायचीस तो धोंडा कुणी हलवला नाय. पुढं लय गवत माजलंय, मग वळण लागतं...

सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी मामांच्या हातावर हात ठेवला.

"जरा दमानं सांगा," त्या म्हणाल्या. "मी अजून धोंड्यापाशीच हाय."