डाव्या पायाखालचा खांदा

आधीच सांगून टाकतो... या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना टाइमपास म्हणून वाचतो. वाचून झालं की मनातल्या मनात प्रत्येकाला एक कारण चिकटवून मोकळा होतो. याची झोप झाली नव्हती, हिला ताप होता, हा तर सरळसरळ थापा मारतोय. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एकोणीस वर्षं काढली. कुठलं वजन कशावर टेकलंय हे शोधायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि नेमकं तेच मला एका बाबतीत सापडत नाहीये, म्हणून लिहितोय. हसलात तरी चालेल, मीही हसलो असतो.

आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो — मी, बायको मेघना आणि सोळा वर्षांची ईरा. मी मूळचा सांगलीचा, शुद्ध शाकाहारी घरातला. आईला आजही फोनवर "ट्रेकिंगला चाललोय" असंच सांगतो. आपला नंदू बंदूक घेऊन हरणं मारतो हे तिला कळलं तर ती अन्न सोडेल. थोडक्यात काय, शिकारीच्या बाबतीत खोटं बोलायचा मला सराव होताच.

हा नाद लावला शिरीषकाकांनी. काका नागपूरचे, वय एकोणसत्तर, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. तरुणपणी आखाड्यात जायचे, ते खांद्यांकडे बघून अजून कळतं. नात्याने कोणी नाहीत, पण आम्ही या देशात आलो तेव्हा पहिला महिना त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिलो होतो. नऊ वर्षं दर नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं बरोबर जातोय. इलिनॉयच्या वायव्य कोपऱ्यात, घरापासून अडीच तासांवर, डेल नावाच्या एका शेतकऱ्याची जमीन आहे. मक्याचं शेत, त्याच्या कडेला रान, आणि रानाच्या तोंडाशी एक जुना ओक. त्या ओकवर माझा स्टँड. म्हणजे पंधरा फुटांवर पट्ट्यांनी आवळून बसवलेली, जेमतेम पाटाएवढी लोखंडी बैठक. काका खाली शंभर पावलांवर झुडपांच्या आडोशाला बसायचे.

त्या स्टँडच्या खालच्या पायऱ्या आम्ही काढून ठेवतो, म्हणजे कोणी भलताच वर चढून बसू नये. त्यामुळे पहिली पायरी पार डोक्याच्या वर. मग काका झाडाला टेकून वाकायचे आणि म्हणायचे, "ठेव पाय." मी डावा पाय त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवून वरची पायरी पकडायचो. एका सेकंदाचं काम, पण मोठ्या माणसाला पाय लागला की हात लावून तो कपाळाला लावायचा, हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं की मी वर चढता चढता खाली वाकून तेही करायचो. काका दरवर्षी वैतागायचे. "पुरे झाला तुझा नमस्कार. पडशील बाप्पा! चढ वर."

त्यांचे नियम ठरलेले. स्टँडचे पट्टे दरवर्षी नवे. हार्नेसची, म्हणजे अंगाभोवती घालून दोरीने झाडाला अडकवायच्या पट्ट्यांची, प्रत्येक कडी ते स्वतः ओढून बघणार. आणि एकट्याने झाडावर चढायचं नाही, म्हणजे नाहीच.

आता खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मला काकांचा कंटाळा आला होता. त्यांना सारखं खाकरायची सवय. हरीण पन्नास पावलांवर आलं की खाली "ख्खं..." झालंच म्हणून समजा. वर गूळ-शेंगदाण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर. दोन सीझन हात हलवत परत आलो. ऑफिसातले गोरे एकेकटे जाऊन आठ-आठ टोकांची शिंगं घेऊन येतात, फोटो दाखवतात, आणि मी काय दाखवणार, शेंगदाण्याची टरफलं?

म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये मी काकांना फोन केला आणि म्हटलं, "काका, या वीकेंडचं कॅन्सल करावं लागतंय. ईराचं व्हायोलिनचं रिसायटल आहे."

"अरे, मग जा ना तिकडे. पोरीपेक्षा हरीण मोठं आहे का?" काका म्हणाले. "मीही येऊ का ऐकायला?"

"नको, जागा लिमिटेड आहे," मी म्हणालो. कशी कोण जाणे, पटकन सुचली ही थाप.

घरी मेघनाला मात्र सांगितलं, काकांबरोबर चाललोय, रात्री आठपर्यंत येतो.

शनिवारी उजाडायच्या आत ओकवर पोचलो. काकांचा खांदा नव्हता म्हणून प्लास्टिकची एक मोठी बादली उपडी घालून तिच्यावरून चढलो. हार्नेस माझा मीच घातला. त्याच्यासोबत एक जास्तीचा पट्टा येतो. माणूस पडून लोंबकळलाच तर त्यात पाय अडकवून उभं राहता येतं. तो गॅरेजमध्येच राहिला. स्टँडचे पट्टे गेल्या वर्षीचेच होते... नवे आणणं हे काकांचं काम होतं ना.

सुरुवातीचे तीन तास काय सुंदर गेले म्हणून सांगू. ना खाकरणं, ना कुरकुर. थंडीत मक्याची वाळकी पानं तेवढी वाजत होती. पावणेदहाच्या सुमाराला रानातून एक नर बाहेर आला. इतका मोठा मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. मनात पहिला विचार काय आला असेल? बघा काका. अगदी हाच. मी हळूच उभा राहिलो, बंदूक उचलली, आणि पायाखाली टाण् असा आवाज झाला.

पट्टा तुटला होता. डेल नंतर म्हणाला, खारींनी कुरतडला असावा. स्टँड, बंदूक, आणि स्टँडच्या हुकाला लावलेली बॅग, सगळं खाली. फोन बॅगेत. मी हार्नेसवर. पाठीमागच्या दोरीला लटकून, झाडाकडे पाठ, पाय जमिनीपासून दहा फुटांवर. पायऱ्या खोडाच्या पलीकडच्या अंगाला होत्या, हात तिथवर पोचत नव्हता. टाचा खोडावर मारून बघितल्या, साल ओली होती, घसरत होत्या. ओरडलो. डेलचं घर पाऊण मैल लांब, वारा उलटा. दूर कुठेतरी दुसऱ्या कोणाच्या बंदुकीचा बार झाला, असल्या आवाजांत माझी हाक कोण ऐकणार?

हार्नेसचे पट्टे मांड्यांत रुतायला लागले. आमच्या फॅक्टरीतल्या सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये मी स्वतः लोकांना हे शिकवलंय. माणूस असा लटकला की पायातलं रक्त वर येत नाही, चक्कर येते, शुद्ध जाते, आणि वेळेत उतरवला नाही तर संपतो. वेळेत म्हणजे मिनिटांत, तासांत नाही. मी घड्याळात बघितलं. दहाला बारा कमी.

मग डोकं चालायला लागलं, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली. मेघनाला वाटतंय काका सोबत आहेत, म्हणजे ती काळजी करणार नाही. काकांना वाटतंय मी रिसायटलला बसलोय, म्हणजे ते फोन करणार नाहीत. माझी वाट बघायला सुरुवात होणार रात्री आठला. मी स्वतःच्या हाताने दोन्ही दारांना बाहेरून कडी घालून आलो होतो. ईराचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी चक्क रडायला लागलो.

दहा वाजून पाच मिनिटांनी पाय बधिर झाले. कानात गूं असा आवाज. डोळ्यांपुढे कडेकडेने काळं यायला लागलं... आणि माझा डावा पाय कशावर तरी टेकला.

फांदी नव्हे. त्या उंचीला त्या खोडावर फांदीच नाही. बुटाच्या तळव्याखाली काहीतरी रुंद होतं, भक्कम, आणि किंचित दबणारं. मी वजन टाकलं, ते टिकलं. मांडीतला पट्टा सैल झाला. मुंग्यांचा असा लोंढा आला पायात की मी किंचाळलो. छातीवर हार्नेसचं बकल असल्यामुळे मान खाली घालून बघता येत नव्हतं, पण बघायची गरज नव्हती. नऊ वर्षं ज्या जागेवर पाय ठेवला ती पायाला ओळखू येते. माझा हात आपोआप खाली गेला, कुठेच पोचला नाही, आणि कपाळाला लागला.

खालून आवाज आला. "ख्खं..."

"काका?" मी म्हणालो. थोड्या थोड्या वेळाने ते पायाखालचं जरासं हलायचं, ओझं घेऊन उभा असलेला माणूस जागच्या जागी अंग सावरतो तसं. आणि मग ते खाकरणं. मधे एकदा बराच वेळ ते ऐकू आलं नाही तर मी वेड्यासारखा ओरडत होतो, "काका, खाकरा! काका, एकदा खाकरा ना!" जो आवाज टाळायला मी एवढी थाप मारली, त्याची मी भीक मागत होतो. आणि तो आला.

बाराला दहा कमी असताना डेलचा ट्रक शेतातून उडत आला. मागे शिडी. त्याने मला कंबरेला धरलं त्या क्षणी पायाखालचं ते गेलं. शिडीवरून खाली बघितलं... गवत, मोडका स्टँड, आणि लांब उडालेली बादली. बस.

डेलला फोन केला होता काकांनी. त्याचं झालं असं, की अकराच्या पुढे मेघनाने शैलाकाकूंना फोन केला. "दोघंही तिकडे आहेत, तर तुम्ही जेवायला इकडेच या."

"दोघं?" काकू म्हणाल्या. "अगं, हे तर इथे गॅरेजमध्ये उभे आहेत!"

गावातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतल्या डॉक्टरीण बाईंनी मला दोनदा विचारलं, पाय कशावर टेकवला होता? मी म्हणालो, कशावरच नाही. त्या म्हणाल्या, मग दोन तासांनी तुम्ही असं बोलत बसला नसता. संध्याकाळी मेघना, ईरा आणि काका-काकू येऊन पोचले. ईरा मला बिलगली आणि कानात म्हणाली, "बाबा, माय रिसायटल इज इन मे." काका दारातच उभे होते. उजवा हात गळ्यात अडकवलेला.

"काय रे, रिसायटल लवकर संपलं वाटते?" एवढंच म्हणाले.

मी माफी मागितली. सगळ्यांसमोर. खाली मान घालून. पायाखालच्या त्या गोष्टीबद्दल मात्र बोललो नाही. काय बोलणार?

पुढचं मला मेघनाकडून कळलं, घरी येताना गाडीत. काकूंनी तिला सांगितलेलं. त्या सकाळी काका गॅरेजमध्ये हातोडी शोधायला गेले आणि दहाच्या सुमाराला भिंतीला टेकून वाकले, ते तसेच राहिले. काकू घाबरल्या, ९११ लावते म्हणाल्या. काका म्हणाले, "नको. काही झालं नाही मला. फक्त आता हलता येऊन नाही राहिलं." घामाने निथळत होते. खुर्ची दिली तर बसेनात. मेघनाचा फोन आल्यावर त्यांनी तशा अवस्थेतच डाव्या हाताने डेलला फोन लावला. डेलचा "सापडला, उतरवला" असा उलट फोन आला तेव्हा ते भिंतीपासून सुटले आणि मटकन जमिनीवर बसले. उजवा खांदा सुजला होता. एक्स-रेत काही नाही.

मी सगळी कारणं चिकटवून बघितली आहेत. रक्त कमी पडलं की मेंदू काहीबाही दाखवतो, मान्य. पण मेंदूने दाखवलेल्या खांद्यावर वजन टाकता येत नाही. पुन्हा जाऊन ओकचं खोड तळापासून हाताने चाचपून आलो, एक गाठसुद्धा नाही. काका तेव्हा दीडशे मैलांवर होते. आणि ते झाडाखाली असते तरी दहा फूट उंचीवर त्यांचा खांदा पोचेल कसा? कागदावर हे गणित कुठल्याच बाजूने सुटत नाही.

त्यापेक्षा मोठी गोष्ट मला रात्री छळते. ज्याला त्यांनी पेलून धरलं तो माणूस त्यांना फसवून गेला होता.

जानेवारीत एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. काका सोफ्यावर शेंगा सोलत बसले होते, डाव्या हाताने. उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही. काकू चहा टाकायला आत गेल्या. आम्ही दोघंच. काय झालं कोण जाणे, मी पुढे झालो, वाकलो, त्यांच्या पायांऐवजी त्या उजव्या खांद्याला हात लावला आणि कपाळाला लावला. पाय लागल्यावर लावतो तसा.

मी त्यांना तेव्हाही काही सांगितलेलं नव्हतं. मेघनालासुद्धा नाही. कोणालाच नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. एक शेंग फोडली. खाकरले.

"लागला नाही रे फार," ते म्हणाले. "पण वजन कमी कर, बाप्पा."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि तो विषय तिथेच राहिला. या नोव्हेंबरमध्ये आम्ही परत गेलो, दोघं, जमिनीवर शेजारी शेजारी बसलो. पिशवी कुरकुरत होती, काका खाकरत होते, एकही हरीण फिरकलं नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही. वजन मात्र अकरा पाउंड कमी केलंय.