खाली लाल दिसत नाही

पाणबुड्या माझ्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आला की आधी त्याचा आवाज यायचा. पाण्याखाली वर्षं काढून त्याचा एक कान कामातून गेला होता, त्यामुळे साधं "काका, आहात का?" सुद्धा तो बंदराच्या पलीकडे ऐकू जाईल असं विचारायचा. मी त्याच्या नाकासमोर काउंटरमागे बसलेला असायचो. "नाही, मेलोय," म्हणायचो, आणि तो खदाखदा हसायचा. बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंतलेले दोर कापायचे, हा त्याचा धंदा. बोटवाले एक नंबरचे संशयी, म्हणून तो खरवडण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढून दाखवायचा. त्यासाठी खिशात मावणारा कॅमेरा आणि त्याची पाणी न शिरणारी प्लॅस्टिकची पेटी त्याने माझ्याकडूनच नेली होती.

त्या दिवशी मात्र तो आल्याचं मला कळलंच नाही. मान वर केली तर समोर उभा, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काका, पाण्याखाली चालणारा फ्लॅश हवाय. सगळ्यात मोठा."

सगळ्यात मोठं मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला आधीच राग. "मोठा कशाला? खाली लग्न आहे का कुणाचं?" मी म्हणालो.

"दादाची बोट सापडली," तो म्हणाला.

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्याचा थोरला भाऊ वादळात बोटीसकट नाहीसा झाला होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पाणबुड्या रोज त्याला शोधायला बुडी मारत होता, हेही माहीत होतं. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. तो ते प्यायला नाही.

बोट खडकांच्या पलीकडे तळाला आडवी पडली होती. मागची बाजू चिखलात रुतलेली, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. "दादा केबिनमध्ये आहे. खिडकीतून दिसतो. दार काही केल्या उघडत नाही. क्रेनवाले म्हणतात, समुद्र शांत झाल्याशिवाय आम्ही येणार नाही. आणि वहिनी परवा निघतेय."

"कुठे?"

"त्याला शोधायला. किनाऱ्यानं जाणार, गावोगावची इस्पितळं बघणार. पोरीला माझ्याकडे टाकून. पोर जेवत नाही काका, बोलत नाही. बाप गेला, आता आई पण चालली. मी सांगून सांगून थकलो. तिचं एकच, तू दुसऱ्याच कुणाची तरी बोट बघितलीस."

त्याने कॅमेरा पुढे केला. फोटोत हिरवट अंधार होता, त्यात काळपट बोटीची कड, आणि सगळीकडे पीठ उधळल्यासारखे पांढरे ठिपके.

"आमची बोट लाल, मी स्वतः रंगवली, ही काळी आहे, असं म्हणते वहिनी," तो म्हणाला. "टॉर्च मारल्यावर मला लाल दिसली. पण माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही."

मी त्याला समजावलं. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. खोलवर गेलं की लाल आणि काळं सारखंच. तो रंग परत आणायचा तर पांढरा उजेड बरोबर न्यावा लागतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, तो समोरचा गाळच उजळवतो, म्हणून हे ठिपके. वेगळा फ्लॅश दांडीवर, बाजूला लांब धरायचा. आणि कितीही मोठा घेतला तरी पाण्यात त्याचा उजेड फार पुढे जात नाही. अख्खी बोट विसरायची, एक तुकडा धरायचा.

दुकानात दोनच फ्लॅश होते. मोठ्यावर त्याचा डोळा. मी मागच्या मोरीतला टब भरला, दार लावून अंधार केला आणि दोन्ही बुडवून दाखवले. वेगळा फ्लॅश कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड बघून पेटतो, आणि त्याचा कॅमेरा अंदाज घ्यायला आधी एकदा बारीक फ्लॅश मिचकावतो, मग खरा मारतो. मोठा येडा त्या पहिल्या मिचकावण्यालाच पेटायचा आणि खऱ्या वेळी रिकामा. फोटो काळाकुट्ट. धाकटा पहिल्याला दाद द्यायचा नाही, दुसऱ्याला बरोबर पेटायचा. "हा ने," मी म्हणालो. "पैशाचं बोललास तर फटका देईन."

"आता वहिनी बघताक्षणी ओळखेल असा एखादा तुकडा आहे का?" मी विचारलं.

"खिडकीखाली तिनं ठिगळ मारलंय. पत्र्याचं. खिळे वेडेवाकडे, दादा कायम चिडवायचा."

"मग तेवढंच घे. हातभर अंतरावरून. लांबून घेशील तर पुन्हा काळंच येईल."

तो इतक्या हळू बोलला की त्याचाच आवाज वाटेना. "त्या खिडकीतूनच दिसतो तो."

दांडी कशी वळवायची, बटण कुठे, तेच तेच मी पुन्हा सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. वहिनी बारीक, ताठ, खांद्याला पिशवी, जशी काही इथूनच निघणार. पाणबुड्याचे ओठ निळे पडले होते. मी कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि फोटो पडदाभर मोठा केला.

लाल. नुकत्याच सांडलेल्या रंगासारखं लख्ख लाल. मधोमध पत्र्याचं ठिगळ आणि वेडेवाकडे खिळे. वरच्या कडेला खिडकीची काच आली होती, ती त्याने बोटांनी झाकली होती. फोटोत त्याची बोटं दिसत होती.

वहिनी माझ्याकडे वळली. "हा लाल तुमच्या दिव्यामुळे आलाय ना? रंगीत काच असते त्यात, मला माहितेय."

पाणबुड्याने माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने हा पुरावा आणायला भावाच्या प्रेताशेजारी जीव धोक्यात घातला, तोच आता मी खोटं बोलावं म्हणून डोळ्यांनी हातापाया पडत होता. "असू शकतं ना काका?" तो म्हणाला. "कधीकधी येत असेल."

आयुष्यात गिऱ्हाइकांना मी कमी थापा मारल्या नाहीत. पण ती पोर घरी होती. मी फ्लॅश उचलला, वहिनीचा तळवा उघडून त्यावर धरला आणि बटण दाबलं.

"दिवा पांढरा आहे, बाई," मी म्हणालो. "लाल तुम्हीच दिलेला आहे."

तिने मूठ मिटली. स्टूल जवळ होतं तरी ती बसली नाही. बसला तो. भिंतीला टेकून खाली घसरला आणि बहिऱ्या माणसासारखा मोठ्याने रडायला लागला, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा. इतके दिवस वहिनीशी भांडण्यातच त्याचा वेळ गेला होता. भाऊ गेल्याचं त्याला आता कळत होतं.

वहिनीने पिशवी खांद्यावरून काढून त्याच्या शेजारी ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरीला मी सांगते. तुला नाही जमायचं."

त्याला उठता येईना. एका दंडाला तिने धरलं, दुसऱ्याला मी.