घराखालची ओल

नवरा गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुबट वास यायला लागला. आधी मी फ्रीज रिकामा केला, मग सिंकखालचं कपाट धुतलं, गालिचे बाहेर उन्हात टाकले. वास जाईना. बाहेरून आत आलं की तो नाकात भरायचा आणि थोड्या वेळानं सवयीचा होऊन जायचा.

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या भागात बरीचशी घरं थेट जमिनीवर बसवलेली नसतात. विटांच्या बुटक्या खांबांवर ती उचललेली असतात आणि खाली, सगळ्या घराएवढी, जेमतेम रांगता येईल अशी पोकळी असते. तिला क्रॉलस्पेस म्हणतात. बहुतेक लोक तिथे कधी डोकावतही नाहीत. आमच्याकडे मात्र नवऱ्याचा तिथे राबता होता. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणारा हा माणूस शनिवारी जुनी पँट चढवून, कपाळाला दिवा बांधून घराखाली शिरायचा. पाइप तपासायचा, उंदरांच्या वाटा बुजवायचा. थंडी सरली की बाहेरच्या भिंतीतले जाळीचे झरोके उघडायचा. "घराला हवा लागू दे जरा," म्हणायचा. मला वाटतं, त्याला तिथलं एकटेपणही आवडत असावं.

सासूबाई नागपूरचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांना हे मुळीच पसंत पडलं नाही. खाली साप असेल, श्वास कोंडेल, कुणाला कळणारही नाही. मग मायलेकांत एक पद्धत पडली. तो खाली गेला की त्या डायनिंग रूममधल्या खुर्चीत बसायच्या आणि अधूनमधून काठी लाकडी जमिनीवर ठोकायच्या. तो खालून पान्यानं तुळईवर ठोकून उत्तर द्यायचा. उत्तर आलं की त्या पुन्हा भाजी निवडायला लागायच्या.

तो गेला तो घराखाली नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता गेला. सासूबाई त्याच्या सगळ्या विधींना ताठ बसून होत्या. पण पुढे कित्येक महिने त्या त्याच्याबद्दल बोलताना 'होता' म्हणाल्या नाहीत. त्याला कारलं आवडतं. तो चहात साखर कमी घेतो.

वास सुरू झाला त्याच सुमाराची एक दुपार. मी ओट्याशी कणीक मळत होते. डायनिंग रूममधून काठीचा आवाज आला. ठक, ठक. मी हात थांबवला. आणि खालून उत्तर आलं.

एकच ठोका, बोथट, लाकडाला काहीतरी येऊन लागावं तसा. मी दारात गेले. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, मान किंचित कललेली, जशी फोनवर ऐकताना असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी परत येऊन कणीक मळली.

त्यानंतर त्या रोज दुपारी ठोकायच्या. कधी उत्तर यायचं, कधी नाही. आलं की त्या रात्री नीट जेवायच्या. मी मोटारी, पाइप, खारी असं काहीबाही मनाला समजावत असे आणि तरीही दुपारी त्या खोलीत एकटी जात नसे.

शेवटी मी कुणाला तरी बोलावलं ते त्या आवाजामुळे नाही. त्याच्या कपाटातले कोट मी तसेच ठेवले होते. एक दिवस दार उघडलं तर सगळ्यांच्या खांद्यांवर पांढरी बुरशी धरली होती, पावडर सांडल्यासारखी. जमिनीच्या फळ्याही कडांनी वर उचलल्या होत्या, अनवाणी चालताना पायाला लागायच्या. टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहणाऱ्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, दॅट्स मोल्ड. तुम्ही दोघी ते ब्रीद करताय. प्लीज कुणाला तरी बोलव."

"काहून बोलावते?" सासूबाई म्हणाल्या. "तो बघतो ना खालचं."

तपासणीला आलेली बाई तरुण होती, मृदू बोलणारी. बऱ्याच वेळानं ती धुळीनं माखून वर आली आणि टॅबलेटवर फोटो दाखवू लागली. तुळयांवर काळे डाग होते. तुळयांमध्ये भरलेलं कापसासारखं इन्सुलेशन भिजून लोंबत होतं. खालची माती उघडी, ओली. "डायनिंग रूमच्या खाली एसीची हवा नेणाऱ्या नळाचा, डक्टचा, पट्टा तुटलाय," ती म्हणाली. "एसी सुरू झाला की डक्ट हलतो आणि तुळईवर आपटतो. आवाज येत असेल तुम्हाला."

"येतो," मी म्हटलं. ती इंग्रजीत बोलत होती, सासूबाई आतल्या खोलीत होत्या. तरी मी दाराकडे पाहिलं.

मग तिनं विचारलं, "उन्हाळ्यात झरोके कोण उघडे ठेवतं?"

त्या वर्षी ते मीच उघडले होते, त्याची पद्धत म्हणून. तिनं समजावून सांगितलं. जुन्या काळी सगळे तसंच करत. पण इथली उन्हाळ्यातली हवा इतकी दमट असते की ती आत शिरून गार डक्टवर, गार लाकडावर पाणी होऊन बसते. घर वाळत नाही, उलट भिजत जातं. आता झरोके कायमचे बंद करायचे, मातीवर आणि भिंतींवर जाड पांढरं प्लास्टिक लावून सांधे चिकटवायचे, आत हवा कोरडी करणारं यंत्र बसवायचं. मी मान हलवत राहिले. एवढी वर्षं तो इतक्या मायेनं झरोके उघडत होता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

जाता जाता ती म्हणाली, "खाली कुणी तरी खूप वेळा जात असणार. मातीत वाट पडलीय."

ती वाट मला पाहायची होती. काम सुरू होण्याच्या आदल्या दुपारी, सासूबाई जरा आडव्या झाल्या असताना, मी त्याचा दिवा कपाळाला बांधला आणि घरामागच्या छोट्या दारातून आत शिरले.

खाली तोच वास होता, दाट. लाल चिकणमातीत खरंच वाट होती. दोन्ही बाजूंना कोपरांचे खड्डे, मध्ये गुडघ्यांचे. मी त्यांच्यावरूनच रांगत गेले. माझ्यापेक्षा त्याचे हात लांब होते, मला प्रत्येक खड्ड्यापर्यंत ताणून पोचावं लागत होतं. डायनिंग रूमच्या खाली वाट संपत होती आणि तिथे मातीत एक मोठा खळगा होता. खांद्यांची रुंदी कळत होती. टाचा रोवल्याच्या खुणा होत्या. तो तिथे पाठीवर पडत असणार. मी खळग्यात हात ठेवला. माती थंड आणि मऊ होती, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

तेवढ्यात डोक्यावर काठी वाजली. ठक, ठक.

एसी बंद होता, डक्ट स्तब्ध लोंबत होता. वर त्या वाट पाहत असणार, मान कलती करून. मी मूठ वळली आणि तुळईवर ठोकलं.

वर आले तेव्हा त्या खुर्चीतच होत्या. त्यांनी माझे गुडघे पाहिले, कोपरं पाहिली.

"हात धुऊन घे," त्या म्हणाल्या. "तोही असाच मळून येतो."

मी नळाखाली हात धरले. मागून त्यांचा आवाज आला, अगदी शांत. "आताचा ठोका तुझा होता. त्याचा जड असतो."

"आणि आधीचे, आई?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मी डक्टचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. भिजलेलं इन्सुलेशन काळ्या पिशव्यांत भरून अंगणात रचलं. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या माणसानं येऊन विचारलं की खाली एक खळगा आहे, प्लास्टिकखाली तिथे पाणी साचेल, तो बुजवून टाकू का. विचारायची गरज नव्हती, तरी त्यानं विचारलं. मी म्हटलं, "बुजवा." फावड्याचा आवाज जमिनीतून पायांना जाणवत होता. सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांना काय कळत होतं आणि काय नाही, मला आजही सांगता येणार नाही.

डक्ट नव्या पट्ट्यानं बांधला. झरोके बंद झाले. काही आठवड्यांत वास गेला, फळ्या हळूहळू सपाट झाल्या. पहिले काही दिवस सासूबाईंनी ठोकून पाहिलं. खालून काही आलं नाही. मग एका सकाळी त्यांनी खुर्ची खिडकीपाशी हलवायला सांगितली आणि चहा पिताना म्हणाल्या, "तो साखर कमीच घ्यायचा." मी कप खाली ठेवला. त्या बाहेर बघत होत्या.

यंत्रानं ओढलेलं पाणी एका बारीक नळीतून घराबाहेर पडतं, जास्वंदीच्या कुंडीशेजारी. मला ते माहीत होतं, पण त्यांनी ते एक दिवस फिरताना पाहिलं आणि थांबल्या. वाकून तळहात धारेखाली धरला.

"हे खालचं?"

"हो."

"अजून येतंय?"

"येईल काही दिवस. मग कमी होईल म्हणतात."

त्यांनी ओंजळ भरू दिली. पाणी स्वच्छ होतं, कसलाच वास नसलेलं. ते त्यांनी कुंडीत ओतलं आणि पुन्हा हात पुढे केला. मी त्यांची काठी धरून शेजारी उभी राहिले.